शाफ्टवरची पांढरी रेघ

दि. ४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे. ठीक नाही. तुझी लाल गाडी तुटली. चढाच्या शर्यतीच्या सरावाला मीच चालवत होते. चढाच्या वरच्या वळणावर मागून बार उडाल्यासारखा आवाज झाला. इंजिन ओरडत राहिलं, गाडी थांबली आणि मागे घसरू लागली. ब्रेकने वाचवलं. मला खरचटलंही नाही.

इंजिन बाबांनीच बदललं होतं. दुप्पट ताकदीचं इंजिन आणि मागचा ॲक्सल तुझ्या काळातला. आपल्याला हे कळायला हवं होतं, एवढंच ते म्हणाले. शर्यतीआधीच गाडी भंगारात देणार आहेत. त्यांचा स्वतःचा विश्वास बसेल असा दणकट ॲक्सल मिळाला, तरच ती वाचेल.

ॲक्सलमधला तुटलेला शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, मी माझ्या दातांच्या दवाखान्यात नेला आणि भिंगातून पाहिला. खुर्चीतल्या आजोबांनी विचारलं, हा कुणाचा दात. तुटल्या जागी कडेपासून आत काळपट वलयं आहेत, झाडाच्या खोडात असतात तशी. भेग थोडी थोडी आत सरकत गेली, तिची ही वलयं. मधोमध करंगळीच्या नखाएवढा चकचकीत ठिपका. परवा तुटलं ते एवढंच. बाकीचं कधीचंच तुटलेलं होतं. म्हणजे आम्ही सगळे नखाएवढ्या लोखंडावर फिरत होतो, आणि ते धरून होतं. मला भीती वाटायला हवी होती. मी नुसती बघत बसले. पुढचा पेशंट ताटकळला.

ॲक्सल कुठे शोधू ते लिही. लोभ आहेच, उत्तराचीही घाई कर.
तुझी,
पकड


दि. १२ मार्च

चि. पकडीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं, कारण बसायला वेळ लागतो. कमरेत नवा सांधा बसवलाय, तो मूळच्यापेक्षा मजबूत आहे असं डॉक्टर म्हणतात. तेव्हा मागच्या बाजूची दुरुस्ती सध्या आपल्या घराण्यातच चालू आहे.

स्पोर्ट्स गाडीचा ॲक्सल शोधू नकोस. त्या गाड्या देखण्या, पण कमरेने नाजूक. जी जन्मभर ओझं घेऊन चढ चढली अशी गाडी शोध. बंदरावर बर्फाच्या कारखान्याचे छोटे ट्रक असत, ते बघ. ॲक्सल रुंद पडेल. दोन्हीकडून कापून आखूड करावा लागेल, शाफ्टच्या टोकांना नव्याने खाचा पाडाव्या लागतील. हे काम तुझ्या बापाशिवाय कुणाला देऊ नकोस.

आणि त्याच्याशी वाद घालू नकोस. वादात तो खांब होतो. मी शर्यतीत होते तेव्हा प्रत्येक चढाआधी तो शाफ्टवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढायचा. चढ झाला की शाफ्ट बाहेर काढून बघायचा. पीळ बसला असेल तर रेघ वळते. केसभर वळली तरी तो शाफ्ट बाद. मी म्हणायचे, गाडीचा भांग पाडतोस का. तो हसायचा नाही. मी गाडी सोडली, तशी त्याची रेघही सुटली.

नवा शाफ्ट त्याच्या कामाच्या बाकावर ठेव. शेजारी पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश. मग तिथून निघून ये.

तुझ्यावर जीव आहे, तो जपून वापर.
आत्या


दि. २ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ट्रक सापडला. कारखाना बंद आहे, मागच्या अंगणात गवतात उभा होता. ॲक्सल चौघांना उचलेना. झाकण उघडलं तर आत तेल अजून मधाच्या रंगाचं, आणि गिअरचे दात! माझ्या उभ्या आयुष्यात असे दात पाहिले नाहीत. एक किडलेला नाही, एकाचा टवका गेलेला नाही. इतका बर्फ वाहून!

तू सांगितलंस तसं केलं. पहिल्या दिवशी बाबा बाकाजवळून नुसते गेले. दुसऱ्या दिवशी जेवताना विचारलं, कोणता ट्रक. तिसऱ्या दिवशी लेथ सुरू झाला. आता ॲक्सल आखूड होऊन गाडीखाली गेलाय. रंगाच्या डब्याला मात्र मी हात लावायचा नाही, असा हुकूम आहे. रेघ ते स्वतः ओढणार, शर्यतीच्या सकाळी.

आशीर्वाद पाठव, थोडे जड असले तरी चालतील.
तुझी,
पकड


दि. २० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला पत्राची सवय नाही, तुला माहीत आहे.

काल पोर चढ चढली. मी वरच्या वळणावर उभा होतो, शाफ्ट तुटला होता तिथेच. लोक तिच्याकडे बघत होते, मी मागच्या चाकांकडे. वळणावर तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय जरासुद्धा उचलला नाही. तुझीच भाची. ॲक्सलने हूं की चूं केलं नाही. कितवी आली ते तिला विचार.

गाडी तिथेच कडेला ठोकळ्यांवर घेतली. चाक उतरवून शाफ्ट ओढला. पोर म्हणाली, घरी बघू, लोक हसतायत. हसू देत म्हटलं. शाफ्ट गरम होता, फडक्यात धरून तेल पुसलं. एका टोकाला डोळा लावून पाहिलं. मग दोरा लावून पाहिलं. मग तिला बघायला सांगितलं, कारण माझे डोळे तेव्हा कामाचे राहिले नव्हते. ती दातातली भेग शोधावी तशी बोटाबोटाने शेवटपर्यंत गेली. सरळ आहे म्हणाली.

एवढं इंजिन, एवढा चढ, आणि रेघ सकाळी ओढली तशीच. लोखंडापुढे हात जोडणाऱ्यांतला मी नाही. काल जोडले.

भंगारवाल्याला नको म्हणून कळवलंय. रेघ पुसली नाही, शाफ्ट तसाच परत बसवला. शेजारची सीट रिकामी असते. सांध्याचं डॉक्टरांना विचार आणि ये. निघण्याआधी तुझ्यादेखत रेघेवरून पुन्हा ब्रश फिरवीन. भांग पाडतोस म्हण, चालेल.

लोभ होता तसाच असू दे.
तुझा,
धाकटा