सांडाकानच्या वाटेवर तीन झेंडे

सांडाकान, ता. ५ मार्च

ती. दादास,
नुरहैदाचा सलाम वि. वि.

आपल्या बोंगावहून मालबोटी पुन्हा इकडे मलेशियात येणार, हे बाजारात कळलं. पहिल्या तांड्यात तुझी बोट आहे, हेही बाजारातच कळलं. अरे, याच वाटेवर चाच्यांनी आपल्या धाकट्या भावाला, मुनीबला, तुझ्या बोटीवरून उचलून नेलं होतं. सुटून आल्यापासून तो समुद्रावर गेलेला नाही. आता फिलिपिन्स, मलेशिया, इंडोनेशिया मिळून गस्त घालणार म्हणे. तिघांची म्हणजे कुणाचीच नाही, असं माझा नवरा म्हणतो. पहिल्या खेपेला दुसऱ्या कुणाला जाऊ दे. वहिनीचं ऐकत नाहीस, माझं तरी ऐक.

रागावू नकोस, माया राहू दे.
तुझी नुरी

बोंगाव, ता. १४ मार्च

चि. नुरीस अ. आ.

तुझं पत्र तुझ्या वहिनीनं मला मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं. तुम्ही दोघी माझ्याविरुद्ध केव्हाच एक झालात. या तीन देशांना मात्र उशिरा शहाणपण सुचलं. बंदरावरच्या सभेत मी विचारलं, की भर समुद्रात हाक मारली तर ओ कोण देणार? अधिकारी म्हणाला, जो जवळ असेल तो. हद्दीचं नंतर बघू. मुनीब मागे बसून ऐकत होता. घरी येताना म्हणाला, इंजिन मीच सांभाळतो, दुसरा कुणी वाट लावेल. मग मी कसा मागे राहू? सुकी मासळी आणि चटया भरल्या आहेत. रुसलेली असलीस तरी धक्क्यावर ये.

तुझा, न ऐकणारा दादा जौमिल

सांडाकान, ता. २ एप्रिल

सौ. वहिनीस सलाम.

दोघे सुखरूप आहेत. बोट मात्र दोरीला बांधून ओढत आणली, ते पाहून मी धक्क्याच्या टोकापर्यंत धावत गेले. वाटेत इंजिन बंद पडलं. दादाने रेडिओवरून हाक दिली, तेवढ्यात एक वेगवान होडी सरळ अंगावर आली. मुनीब इंजिनाआड खाली बसला. होडीतल्या खलाशाने मलय भाषेत विचारलं, जेवलात का? चाचे असं विचारत नाहीत, असं म्हणून मुनीब उठला आणि दोर त्यानेच झेलला. ते इंडोनेशियाचे गस्तवाले होते. हद्दीवर त्यांनी दोर आमच्या मलेशियाच्या गस्तीकडे दिला.

मुनीब आता इंजिन उघडून बसलाय आणि दादालाच हुकूम सोडतोय. दादा मुकाट्याने पाने-पकडी आणून देतो.

हे पत्र आज परतणाऱ्या दुसऱ्या बोटीतून पाठवते. हे दोघे नको म्हणतील म्हणून त्यांना अजून सांगितलेलं नाही: बोट दुरुस्त झाली की त्यांच्याबरोबर मीही येतेय.

भेटीपर्यंत लोभ सांभाळून ठेव.
तुझी नुरी