अण्णा, तुमची डिस्क माझ्याच हाती आली

अण्णा, तुमच्या स्टुडिओतला कॉम्प्युटर मरायला टेकला, आणि तो उचलून भाऊ माझ्याच दुकानात आला. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. तरी हे तुम्हालाच सांगायचंय, कारण हे ऐकून सगळ्यात जास्त झोंबलं असतं ते तुम्हालाच.

जळकोटच्या त्या स्टुडिओत पुढं गिऱ्हाईकांच्या खुर्च्या, मधे हिरवा पडदा आणि पडद्यामागं मी. लग्नांचे फोटो तुम्ही काढायचात. ते उजळायचे, कापायचे, अल्बमची पानं मांडायची, ते सगळं माझं. "पोरगी दुकानात बसती असं कळालं तर स्थळं येतील का?" एवढं म्हणून तुम्ही पडदा सारखा करायचात. मग एकदा एका नवरीचे वडील शाल-नारळ घेऊन आले. "कुणाच्या हातचा हाय हो हा अल्बम? सत्कार करायचाय." मी पडदा बाजूला सारून उभी राहिले. तुम्ही मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. "आत हो," म्हणालात आणि भावाला पुढं केलंत. त्याला तेव्हा धड माऊस धरता येत नव्हता. संध्याकाळी त्यानं ती शाल गुपचूप माझ्याजवळ आणून ठेवली, तर तुम्ही ती उचलून परत त्याच्याच खांद्यावर टाकलीत. "मान त्याला मिळालाय."

लग्न होऊन मी उमरग्याला आले. नवऱ्याच्या मोबाईलच्या दुकानात अर्धं काउंटर मागून घेतलं आणि कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केली. आता पार कर्नाटकातून लोक लॅपटॉप घेऊन माझं नाव विचारत येतात. माझं, अण्णा.

या उन्हाळ्यात भाऊ आला. "अक्का, चालूच व्हईना नीट. समद्या गावाची लग्नं हायत त्यात." मी डिस्कला कान लावला, आतून कट्‌कट् आवाज येत होता. अशी डिस्क शेवटच्या घटका मोजत असते. ती थांबायच्या आत तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, दुसरा इलाज नाही. खरं सांगते, मला आनंद झाला. 'गेली रे' एवढंच म्हणायचं होतं. भावानं विश्वास ठेवला असता आणि तुमचा जन्मभराचा स्टुडिओ माझ्या एका शब्दानं पुसला गेला असता. शब्द जिभेवर आलाही होता. पण पुसले गेले असते ते माझे अल्बम.

"करते," मी म्हणाले. "पण नवी डिस्क मी जळकोटला येऊन बसवणार. बाजारच्या दिवशी. आणि अल्बम कोण करायचं ते तू सगळ्यांसमोर सांगायचं."

तो खाली बघत म्हणाला, "अण्णांची इज्जत जाईल की गं."

"जाऊ दे."

दोन्ही डिस्क माझ्या मशीनला जोडल्या, जुनी तापू नये म्हणून तिच्यावर टेबलफॅन लावला. खराब जागा आली की कॉपी अडून बसायची, म्हणून तेवढ्या जागा सोडून पुढं जायचं आणि शेवटी परत त्यांच्याकडं वळायचं, असं लावून दिलं. भर दुपारी लाईट गेली. थोड्या वेळानं बॅटरी संपत आली म्हणून इन्व्हर्टर ओरडायला लागला. मधेच बंद पडली असती तर ती डिस्क पुन्हा फिरली नसती. नवरा शेजारच्या दुकानातून बॅटरी घेऊन पळत आला. ऊन उतरेपर्यंत चार-दोन फोटो सोडून सगळं नव्या डिस्कवर आलं.

बाजारच्या दिवशी मी तुमच्या खुर्चीत बसून डिस्क बसवली. दुकानात माणसं होती. भाऊ उभा राहिला, घसा खाकरून म्हणाला, "हे समदे जुने अल्बम अक्कानं केल्यात. मी न्हाय. अण्णांनी उगं माझं नाव लावलं."

मग भाजीची पिशवी घेतलेली एक बाई पुढं आली. "माझ्या लग्नाचा बी? माझी वारलेली आई फोटोत शेजारी हुबी केलती, तो?"

"व्हय. मीच."

तिनं पिशवी खाली ठेवली, माझा हात हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. अण्णा, हा हात तुम्ही कितीतरी वर्षं माझ्यापर्यंत पोचू दिला नाहीत.

निघताना मी तो हिरवा पडदा ओढून काढला. आता तो माझ्या दुकानाच्या दारात पायपुसणं म्हणून पडलाय. येणारा-जाणारा त्यावर पाय पुसतो आणि मला दरवेळी बरं वाटतं.

हे कुठं पाठवायचं नाही. पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळता कामा नये. लाईट गेली तेव्हा मी येरमाळ्याच्या येडाईला नवस बोलले. माझे अल्बम वाचू दे, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, माझ्या अण्णांची डिस्क वाचू दे. आता एकदा येरमाळ्याला जाऊन यायला पाहिजे.