जहाजावरचं सोवळं

॥ श्री ॥
रिहे,
६ जानेवारी २०२५

ती. सौ. आशावहिनीस,
सुलूचा शि. सा. न. वि. वि.

काल तुझी अपूर्वा आणि छोटी सायली आंबेमोहोर न्यायला येऊन गेल्या. सून असावी तर अपूर्वासारखी. माझ्या कानाशी तोंड आणून, न कंटाळता, एकेक गोष्ट दोनदोनदा सांगते. फोनवर मला काडीचं ऐकू येत नाही, त्यामुळे तुमच्या घरची खबर कळायची म्हणजे एक तर ती, नाहीतर दत्ता दूधवाल्याच्या किटलीसोबत येणारी तुझी पत्रं.

पण तिने सांगितलेली एक बातमी ऐकून वाटलं, उरलासुरला कानही गेला. आमच्या आशावहिनीने म्हणे सोवळं धरलंय! दिवाळीपासून तुझे नि दादाचे कपडे तू पहाटे हाताने धुतेस, ते कुणी शिवायचे नाहीत, मशीनमध्ये घालायचे नाहीत. अगं, आमची आई काठीने वलणीवरचं सोवळं काढायची तेव्हा तू पदराआड हसायचीस, ते काय मी विसरले? आणि दादा हे चालवून कसं घेतो? आठ वर्षांचा असताना त्याने आईच्या वाळत घातलेल्या सोवळ्याला मुद्दाम हात लावला होता, त्यातून करंट लागतो का ते बघायला. मग त्याच काठीचा प्रसाद खाल्ला. विज्ञानाच्या मास्तराच्या घरात हे काय शिरलं? म्हातारचळ लागला का गं दोघांना?

तुझा मनीष तुम्हा सगळ्यांना जहाजाने कोचीला नेतोय हेही कळलं. बरं वाटलं. जहाजावर सोवळं कसं पाळणार, ते मात्र कळव.

एक गोष्ट चेष्टेत घालवत नाही. दादा दर भाऊबीजेला माझ्याकडे दोन रात्री राहतो. या वेळी ओवाळून घेतलं आणि दिवेलागणीच्या आत निघून गेला. घातलेली गादी मी तशीच गुंडाळून ठेवली. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. माझं काही चुकलं असेल तर सरळ सांग, मनात ठेवू नकोस.

लोभ आहेच, तेवढा सोवळ्यात गुंडाळून माळ्यावर टाकू नये.
तुझी,
सुलू


॥ श्री ॥
भूगाव,
९ जानेवारी २०२५

चि. सौ. सुलूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग नळ सोडून, बाथरूमचं दार लावून रडले. तुझं काहीही चुकलेलं नाही. हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

श्रावणात ह्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. सगळं उत्तम झालं असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. पण तेव्हापासून ह्यांचा लघवीवर ताबा राहत नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल, कदाचित पूर्ण जाणारही नाही. झोपेत अंथरूण ओलं होतं, कधी खोकला आला तर दिवसाही लेंगा. मनीषला माहीत नाही, अपूर्वाला नाही. भाऊबीजेला तुझ्याकडे हे का राहिले नाहीत, ते आता कळलं असेल. तुझ्या गादीची लाज वाटली त्यांना.

सोवळ्याचं म्हणशील, तर दिवाळीत अपूर्वा मशीन लावायचं म्हणून ह्यांचे लेंगे न्यायला आमच्या खोलीत आली आणि मी तोंडाला आलं ते बोलून गेले, की मी नेम धरलाय, आमच्या दोघांच्या कपड्यांना कुणी शिवायचं नाही. ती बिचारी दारातूनच मागे फिरली. खोटं बोलावं तर तेही देवाच्या नावावर! पण एकदा बोलले ते बोलले, आता निभावणं आलं.

त्यात ही सहल. अपूर्वाने स्वयंपाकघरात भिंतीवर तक्ता लावलाय. जहाजाच्या खोलीत कपाट एवढंसं, म्हणून प्रत्येकाचे कपडे वळकट्या करून वेगवेगळ्या रंगाच्या पिशवीत, रिकाम्या बॅगा पलंगाखाली. इस्त्री न्यायची नाही. बाल्कनीत वाळत घालायचं नाही. आणि मळके कपडे सगळ्यांचे मिळून एका मोठ्या पिशवीत, तिसऱ्या दिवशी यादी करून जहाजाच्या लाँड्रीत. कंपनीत दहा माणसं हाताखाली असलेली बाई ती, तिच्या तक्त्यात फट सापडायची नाही. वर, सायली आमच्याच खोलीत झोपणार, वरच्या फळीवर. नऊ वर्षांची पोर, तिच्या नाकाला काय सांगू?

मी म्हटलं, जाऊया नको. पण सुलू, ह्यांना जायचंय गं. चौतीस वर्षं पौडच्या शाळेत ह्यांनी फळ्यावर जहाज काढून शिकवलं, की दुरून येणाऱ्या जहाजाचा आधी वरचा शेंडा दिसतो, मग बाकीचं, म्हणून पृथ्वी गोल. स्वतः कधी पाहिलं नाही. रोज अपूर्वाच्या तक्त्यापुढे उभे राहून वाचतात. मला मात्र बजावलंय, मुलांना कळलं तर मी जहाजावर पाय ठेवणार नाही आणि नंतर या घराबाहेरही पडणार नाही. तुझा दादा बोलतो तसं करतो, तुला ठाऊक आहे.

पाच दिवस निभावून न्यायचे आहेत. काही सुचत असेल तर लिही.
माया आहे तशी राहो.
तुझी,
आशावहिनी


॥ श्री ॥
रिहे,
११ जानेवारी २०२५

ती. सौ. आशावहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र चुलीत घातलं. त्याआधी तीनदा वाचलं.

माझ्या भावाला माझ्या गादीची लाज वाटावी? लहानपणी मी त्याच्याच अंथरुणात झोपायचे आणि त्याचंच अंथरूण ओलं करायचे. सकाळी तो आईला सांगायचा की तांब्या लवंडला. किती वर्षं त्याचा तांब्या लवंडत होता! हे त्याला सांगता येत नाही म्हणून नुसती तडफड होतेय.

दत्ताकडे पुडकं देतेय. त्यात नातवाच्या पाळण्यातलं मेणकापड आहे, धुऊन उन्हात वाळवलेलं. ते चादरीखाली घाल. बारा चिमटे आणि नायलॉनची दोरी आहे. लेंगा पिळलास की कोरड्या पंच्यात गुंडाळ आणि त्यावर उभी राहून पायाने तुडव, निम्मं पाणी पंचा पितो. दत्ताला पुडक्याचं कारण सांगितलं नाही. जहाजावर जाताय एवढंच सांगितलं, तर विचारतोय, तितं पाच दिस दूध कोन घालतंय.

एक सुचवते, रागावू नकोस. अपूर्वाला सांगून टाक. ती माझ्या बहिऱ्या कानाला कंटाळत नाही, ती कशाला दादाला कंटाळेल? पण तू शब्द दिला आहेस, तेव्हा तुझं तू ठरव.

जपून जा, आणि मला मनातून उतरवू नका.
तुझी,
सुलू


॥ श्री ॥
जहाजावरून,
२६ जानेवारी २०२५

चि. सौ. सुलूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उद्या कोचीला उतरलो की हे टपालात टाकीन.

तुझ्या दोरीने आणि माझ्या हुशारीने दोन्हींनी मिळून दगा दिला. बाथरूम म्हणजे उभं कपाट. दोरी बांधायला खुंटी नाही. पहिल्या दिवशी धुतलेला लेंगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताला तसाच गार. गार हवेच्या यंत्रात वाळतं काय, डोंबल! पंचा तुडवून माझे गुडघे दुखले, पण कपड्यांचा कुबट वास जाईना. आज सकाळी उठले तर चार लेंग्यांपैकी तीन ओले होते आणि चौथा नुकताच ओला झालेला. हे टॉवेल गुंडाळून पलंगाच्या कडेवर बसले. म्हणाले, तू सगळ्यांबरोबर वर जा, मला बरं नाही म्हणून सांग, आता कोची येईपर्यंत मी इथेच. खिडकीला पाठ करून बसले होते गं. एवढा समुद्र आणि त्याच्याकडे पाठ.

तेवढ्यात वरच्या फळीवरून सायली उतरली. माझी ओले कपडे घेऊन चाललेली त्रेधा पाहून मोठ्या समजूतदारपणे म्हणाली, की आजी, तुझं दुसरं सोवळं पलंगाखालच्या बॅगेत आहे, आईने मला त्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय, तूच काढ. आणि ती दात घासायला आईच्या खोलीत निघून गेली.

मी बॅग ओढली. आत एक पांढरी पिशवी, तिच्यावर अपूर्वाच्या अक्षरात लिहिलेलं: ‘सोवळं. कुणी हात लावू नये.’ उघडली तर त्यात आठ नवे लेंगे, गडद निळे, ओलं झालं तरी दिसू नये असे. ह्यांच्याच मापाचे. नाडी नको, म्हणून इलॅस्टिक घातलेले. आत घालायच्या, पाणी शोषणाऱ्या चड्ड्यांचं पाकीट. पलंगावर घालायचं मऊ कापड, खालून मेणाचं. वास बाहेर येऊ नये अशा बंद होणाऱ्या पिशव्या. आणि दहा लोहचुंबकाचे आकडे, सोबत चिठ्ठी: ‘आई, जहाजाच्या भिंती लोखंडाच्या असतात. आकडे कुठेही चिकटतात.’ बाकी एक अक्षर नाही.

सुलू, तिला सगळं माहीत होतं. मी कुणी शिवू नका म्हणत होते, आणि ती दारात उभी राहून खरोखर शिवत नव्हती. पण लेंग्याचं माप कधी घेतलं, ते देव जाणे.

आता हे काय करतील या भीतीने मी पिशवी लपवायला गेले, पण ह्यांनी पाहिली. चिठ्ठी वाचली. मग एक आकडा उचलून भिंतीला लावला, काढला, परत लावला. निळा लेंगा चढवला. मला म्हणाले, तू इथेच थांब, आणि ती पिशवी काखोटीला मारून अपूर्वाच्या खोलीकडे गेले. अजून आलेले नाहीत. मी तुला हे लिहीत बसलेय, कारण दुसरं काही सुचत नाही.

तुझा लोभ या घडीला फार हवाय.
आशावहिनी


भूगाव,
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुलूस,
नरहरीचे अनेक आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही, हे खातं तुझ्या वहिनीचं. पण तिने कोचीहून टाकलेलं पत्र तुला अर्ध्यावर थांबलेलं पोचलं असेल, म्हणून पुढचं मी लिहितो.

मी अपूर्वाकडे गेलो तो भांडायलाच. तिला विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? म्हणाली, गणपतीपासून. मग मला का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली, आईंनी सोवळं म्हटलं, मग आपण तेवढं पाळावं. त्यानंतर तिने तिच्या वडिलांचं सांगितलं. परभणीला त्यांना हाच त्रास होता. ते दोन वर्षं घराबाहेर पडले नाहीत. सायलीच्या बारशालाही आले नाहीत. घरात प्रत्येकाला माहीत होतं आणि प्रत्येकाला वाटे की आपण बोललो तर त्यांना लागेल. तसेच गेले ते. मी तुझ्याकडून भाऊबीजेला परत आलो, त्याच आठवड्यात तिने जहाजाची तिकिटं काढली. मनीषने ठरवलं असं सांगायचं, हेही तिनेच ठरवलं. एवढं बोलून ती रडली. मी मास्तर माणूस, रडणाऱ्या मुलांचं काय करायचं ते मला आजवर कळलेलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मीही रडलो.

दुपारी आमच्या बाथरूमच्या भिंतीला आकडे लावून दोरी बांधली. सायलीने विचारलं, आजोबा, सोवळ्याला शिवलं तर काय होतं? मी म्हटलं, प्रयोग करून बघ. तिने एक बोट लावलं, मग पूर्ण हात. करंट लागत नाही असा निष्कर्ष काढून तिने तुझे चिमटे घेतले आणि माझा लेंगा वाळत घातला. तिला खरं कारणही सांगितलं. ती म्हणाली, अच्छा, आणि खेळायला गेली. सहा महिने ज्याच्यापायी तोंड लपवलं, त्याला एवढाच वेळ लागला.

संध्याकाळी डेकवरून दूरवर एक जहाज येताना दिसलं. आधी वरचा शेंडा दिसला, सुलू. मग बाकीचं. मी चौतीस वर्षं खरं शिकवलं.

तांब्या लवंडायचा ते मला आठवतं. तुझ्या वहिनीने आता तुझी पत्रं दाखवली.

येत्या शनिवारी मी राहायला येतो, दोन रात्री. भाऊबीजेची गादी घाल, त्यावर घालायचं कापड मी आणतो. कपडे माझे मी धुईन. अंगणातल्या वलणीवर उन्हाच्या बाजूला दोन हात दोरी माझ्यासाठी मोकळी ठेव.

काठी नको.

तुझा,
दादा