एकटीला उचलता येईल ती

१८ जानेवारी, रविवार संध्याकाळ

प्रिय ताई,

नमस्कार.

"जी आडवी पडल्यावर तुला एकटीला उचलता येत नाही, ती गाडी तुझी नाही."

हे तू म्हणालीस तेव्हा मी गॅरेजच्या अंगणात बाबांच्या जड गाडीखाली पाय अडकवून भोकाड पसरलं होतं. मला वाटलं तू मदतीला आलीस. तू आलीस, कमरेवर हात ठेवलेस आणि हे वाक्य टाकलंस. मग मलाच पाय सोडवायला लावलंस, गाडीकडे पाठ करून खाली बसवलंस आणि म्हणालीस, "आता पायांनी ऊठ. हातांनी नको." गाडी उठली. मी इतकी खूश झाले की रडायचं राहिलं होतं तेवढं नंतर रडून घेतलं.

आज दिवसभर ते वाक्य डोक्यात आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात केली. फोन करता आला असता. पण फोनवर तू नको त्या विषयाला "बरं, ठेवते" म्हणतेस. पत्र तू बाजूला ठेवलंस तरी ते तिथे पडून राहील.

इकडे सगळं ठीक. बाबांच्या टेबलाचा हलणारा पाय शेवटी वेल्डर काकांनी बसवून दिला आणि दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरले. माझा चष्म्याचा नंबर वाढला. तुझी लेक मजेत आहे. परीक्षेत चांगली पास झाली, ते तिने सांगितलंच असेल. नीट जेवते. नखं मात्र स्वच्छ राहत नाहीत तिची, त्याचं पुढे लिहिते.

सध्या गॅरेजात एकच विषय आहे. एका मुलीला पुढच्या महिन्यातल्या टेकडीच्या शर्यतीसाठी गाडी निवडायची होती. दोन गाड्या समोर होत्या, एक फोर-स्ट्रोक आणि एक जुनी टू-स्ट्रोक. तुला माहीतच आहे, असा प्रश्न आपल्या अंगणात टाकला की चहा गार होतो आणि कामं पडून राहतात.

मी पहिल्या दिवसापासून फोर-स्ट्रोकच्या बाजूने होते. शहाणी गाडी. पेट्रोलात ऑइल मिसळायची कटकट नाही, कमी वेगातही खडी चढण शांतपणे चढते, आणि उतारावर हात ढिला सोडला की इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढून धरतं. नवख्या पोरीला आणखी काय हवं?

वेल्डर काका म्हणाले, "अगं, फोर-स्ट्रोक म्हणजे सासर. सगळं वेळेवर, सगळं जपून. टू-स्ट्रोक म्हणजे माहेर. दार उघडलं की धिंगाणा."

ती मुलगी टायरमधली माती काढत होती. मान वर न करता म्हणाली, "काका, तुम्ही कुठल्या सासरी नांदून आलात?"

काका इतके हसले की त्यांना बसावं लागलं. मला म्हणाले, "ही जीभ मी ओळखतो." मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

तरी त्यांना मी समजावलंच, की माहेर-बिहेर काही नाही, टू-स्ट्रोकइतकी हिशोबी गाडी दुसरी नाही. तिला ऑइल मिळतं ते पेट्रोलातून. उतारावर रेस बंद ठेवून नुसती घरंगळत नेली, तर पेट्रोल नाही, म्हणजे ऑइलही नाही. पिस्टन आत कोरडा फिरतो आणि एखाद्या क्षणी जाम होतो. म्हणून उतरताना क्लच दाबून मधून मधून रेस द्यायची, इंजिनाला घोट पाजत न्यायचं. आणि दोन बोटं सतत क्लचवर, म्हणजे इंजिन जाम झालंच तर क्लच दाबून चाक मोकळं करता येतं. हे मी कोणाला सांगतेय, ताई? मला तूच शिकवलंस.

आज सकाळी दोन्ही गाड्या टेकडीवर नेल्या. काका वर थांबले. मी खाली गेले, त्या वळणावर. ती झाडं आता दाट झालीत. वरून येणारी गाडी अजिबात दिसत नाही, फक्त ऐकू येते.

त्या वळणावर मी इतक्या वर्षांत पुन्हा उभी राहिले नव्हते. शर्यती झाल्या, गिऱ्हाइकांच्या गाड्या धावल्या, मी नेहमी वरच्या बाजूला काहीतरी काम काढायचे.

आधी फोर-स्ट्रोक आली. वरपासून खालपर्यंत एकच जाड, घुमणारा आवाज, कुठे तुटला नाही. मी निवांत उभी होते. वळणावर येऊन तिने हेल्मेटची काच वर केली. म्हणाली, "छान आहे. झोप येईल इतकी छान." आणि पुन्हा वर गेली.

मग टू-स्ट्रोक. वरती तिचा तो तीक्ष्ण आवाज, मग उतार लागला आणि आवाज गेला.

ताई, त्या दिवशीही असंच झालं होतं. तू सगळ्यांच्या पुढे होतीस. वरून तुझ्या गाडीचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला, थांबला. मग पुढचा आलाच नाही. मी झाडांकडे बघत उभी राहिले आणि नंतर धावत सुटले.

आज मी झाडांकडे बघत होते आणि माझी स्वतःची डावी मूठ आवळलेली होती. आणि मग आलं. 'र्रँग!' छोटंसं, अगदी वेळेवर. शांतता. पुन्हा 'र्रँग!' आधीच्यापेक्षा जवळ. घाई नाही, घाबरणं नाही. जणू कोणी वरून येताना "आहे मी, आहे" असं सांगत येत होतं. शेवटचा आवाज माझ्या समोर झाला आणि ती झाडांतून बाहेर आली. उभी राहून, कोपर बाहेर, हनुवटी वर. डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर.

ती हनुवटी तुझी आहे. तू एव्हाना ओळखलंच असशील. उगाच आणखी लपवत नाही. ती मुलगी तुझीच लेक आहे.

आता पत्र खाली ठेवू नकोस. तिला इकडे शिकायला पाठवताना तू मला बजावलं होतंस, गाडीचं नावही तिच्यापुढे काढायचं नाही. मी ते पाळलं. तुझा चिखलातला फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला, तुझ्या गाडीवर ताडपत्री ओढली. हो, तुझीच गाडी, तीच जुनी टू-स्ट्रोक. ती मी कोणाला दिलेली नाही. इंजिन उघडून नवा पिस्टन बसवला, वाकलेलं सरळ केलं आणि वर्षातून एकदा सुरू करत राहिले.

शाळेतल्या नाटकासाठी कोणी ताडपत्री मागायला आलं होतं. तुझ्या लेकीने मला न विचारताच ती ओढली. टाकीवरून हात फिरवत म्हणाली, "मावशी, ही कोणाची?"

"होती एका बाईची."

"चालवायची?"

"उडवायची."

"मग सोडली का?"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "जिन्यावरून पडली बिचारी."

पोरीने वळून माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आईसारखी?"

माझ्या थोबाडाला काय म्हणावं! जिन्यावरून पडून पाय अधू झाला, ही जी थाप तू घरात इतकी वर्षं सांभाळलीस, ती मी एका वाक्यात उलटी करून दिली. पण ताई, तिचा चेहरा तू पाहायला हवा होतास. ती उलट्या डब्यावर बसली आणि हसायला लागली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी हसत होती. म्हणाली, "मावशी, बाबांच्या स्कूटरवर मागे बसली तरी उतार आला की आई डाव्या हाताची दोन बोटं वळवते. मला लहानपणापासून वाटायचं, हे काय असेल!"

कपाटातला फोटो मी काढून दिला. तो आता तिच्या उशाशी आहे. मैत्रिणी आल्या की आधी तो दाखवते. "ही माझी आई," म्हणते, आणि थांबते. पुढचं त्यांनी विचारावं म्हणून.

आता निवडीचं सांगते. काकांनी फोर-स्ट्रोकही खाली आणली आणि वळणावर दोन्ही गाड्या तिने उतारातच आडव्या पाडल्या. तुझी रीत मीच तिला सांगितली होती. फोर-स्ट्रोककडे पाठ करून बसली, उठली, गाडी अर्धी आली आणि पुन्हा बसली. पुन्हा प्रयत्न केला. काका पुढे झाले तर म्हणाली, "काका, हात नको." नाहीच उठली. मग तुझी गाडी. ती उठली, ताई. दात आवळून, पायांनी, एका दमात उठली. माझ्याकडे बघून म्हणाली, "हीच. मी पडणार तर आहेच. पडल्यावर कोणाची वाट बघत बसायला नको."

फोर-स्ट्रोकच्या बाजूचं माझं सगळं शहाणपण तिथे संपलं. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कुठल्या कामाचाही कधी वाटला नाही.

पण तिची एक अट आहे. "गाडी आईची आहे. आईला कळल्याशिवाय आणि तिने दिल्याशिवाय मी शर्यतीला उभी राहणार नाही." मी म्हटलं, लपवून ठेवू, जिंकलीस की सांगू. तर मलाच ऐकवलं, "तुम्ही दोघी बहिणी लपवण्यात पटाईत आहात. मला नाही जमत." घे आता.

आणि मला माहीत आहे तू काय म्हणशील. "गाडी माझी नाहीच, मी कुठली देऊ?" प्लास्टर निघाल्यावर तू गॅरेजात गेलीस, दार लावलंस आणि ती आडवी पाडून उचलायचा प्रयत्न केलास. मी दाराबाहेर होते. गाडी जमिनीवर परत आपटल्याचा आवाज मी तीनदा ऐकला. आत यावंसं वाटलं, पण 'एकटीला' म्हणालेलीस ना तू. मग बाहेर येऊन म्हणालीस, "ती आता माझी नाही." आणि तुझ्या वाक्याला तू जागलीस. आमच्यापैकी कोणी इतकं जागलं नसतं.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. त्या दिवशी मी तुझ्यापाशी पोहोचले तेव्हा तू शुद्धीवर नव्हतीस. चाक जाम होऊन गाडी दगडावर आदळली होती, तुझा डावा पाय तिच्याखाली होता. आणि क्लच तुझ्या दोन बोटांत पूर्ण दाबलेला होता. मी स्वतः ती बोटं एकेक करून सोडवली. जे करायचं ते तू केलं होतंस. दगड आधी आला, एवढंच. उतरणीवर आपलं काही चुकलं, असं तू मनात धरून बसली असशील, तर ते काढून टाक. तुझ्या लेकीला मी क्लच शिकवताना हेच सांगितलं.

शर्यत पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे. वळणावर येऊन उभी राहा, असं मी तुला म्हणणार नाही. तिथे मी राहीन, आता मला जमतं.

माझं मागणं वेगळं आहे, आणि त्याला तू नाहीच म्हणणार आहेस. त्या सकाळी गॅरेजच्या अंगणात पहिली किक तू मार. गाडी सुरू कर आणि सुरू असलेली तिच्या हातात दे. पायाचं कारण सांगू नकोस, किक उजव्या पायाने मारतात. तू म्हणशील, मारायची उजव्याने असली तरी सगळा भार डाव्यावर येतो. खरं आहे. तेवढा वेळ तू माझ्या खांद्यावर भार दे. एवढ्या एका वेळी 'एकटीला' सोड.

येशील?

तुझ्या डाव्या बाजूला उभी,
धाकटी