तीन-दहापर्यंत फोन आला नाही तर

शनिवार, १३ जून

प्रिय इनिस,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा सोमवारचे अकरा वाजून गेले असतील आणि आम्ही पाच विमानं घेऊन पार उत्तरेला विक गावाच्या आसपास कुठेतरी हवेत असू. तुमचा पोस्टमन अकराच्या आत येत नाही, ते धरूनच मी हे आज टाकते आहे. चार मैलांवर राहणारी सख्खी बहीण फोन करायचा सोडून पत्र काय लिहिते, असं म्हणशील. फोनवर तू मध्येच तोंड घालतोस रे. लहानपणापासूनची खोड आहे तुझी, आणि या वेळी मला शेवटपर्यंत बोलायचं आहे.

आधी खुशाली. तयारी झाली. फ्लाइंग क्लबातल्या पिंगपाँगच्या टेबलावर गेले तीन महिने नकाशा पसरलेला होता, तो काल एकदाचा गुंडाळला. माझ्या डूगलचाच नकाशा. त्याच्या पेन्सिलीच्या रेघा मी पुसल्या नाहीत, त्यांच्यावरूनच सगळा बेत आखला. ऑर्कनी, फेअर आयल, शेटलंडच्या टोकाचं अन्स्ट, मग वळून पश्चिमेची बेटं, आणि शेवटी सदरलंडमध्ये आखनार. नऊ दिवस, चौदा उतरणी. त्यातल्या पाच ठिकाणी विमानतळावर माणसं आहेत. उरलेल्या नऊ ठिकाणी गवत, वाऱ्याची दिशा दाखवणारा एक कापडी मोजा आणि मेंढ्या. विला पेट्रीने अध्यक्ष या नात्याने सगळ्यांना सामानासकट वजनकाट्यावर उभं केलं आणि स्वतःची पाळी आली तेव्हा काटा बिघडला आहे म्हणाली. शेवटी तिचं लोकरीचं विणकाम माझ्या विमानात आलं. केशरी जीवरक्षक जाकिटं सगळ्यांनी घालून पाहिली, त्यात आम्ही अकरा जण भोपळ्यांची जत्रा दिसत होतो. डूगल असता तर हसून हसून खाली बसला असता.

सहा वर्षं तो या सहलीच्या मागे लागला होता हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. एकेका शेतकऱ्याला पत्र लिहायचं, गवत किती वाढलंय, पाणी साचतं का, मेंढ्या कोण हाकलणार, हे विचारायचं. आखनारच्या जेसी मॅकेबाईंचं उत्तर अजून माझ्या खणात आहे: धावपट्टी बरी आहे, सूप नेहमीच तयार असतं, मेंढ्यांचं मात्र सांगता येत नाही. ती धावपट्टी स्वतः उतरून पाहिल्याशिवाय दहा माणसांना तिथे न्यायचं नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो त्या मार्चमध्ये एकटा गेला.

आता तू मान वळवून खिडकीबाहेर बघशील. बघ खुशाल. पण वाच.

तुला जे माहीत आहे ते मी पुन्हा सांगणार आहे, कारण चार वर्षांत आपण दोघांनी ते एकदाही तोंडाने म्हटलेलं नाही. माणूस नसलेल्या धावपट्टीवर जायचं तर जमिनीवर कुणाला तरी सांगून जायचं. अमुक वाजता उतरेन, उतरलो की फोन करेन, अर्ध्या तासात फोन आला नाही तर शोध सुरू करायला सांग. 'जबाबदार माणूस' म्हणतात त्याला. मी त्या दिवशी रुग्णांच्या घरच्या फेऱ्यांवर होते, म्हणून डूगलने तुला नेमलं. एरवीही तुलाच नेमायचा तो. मी एकदा विचारलं होतं, इनिसच का? म्हणाला, "तुझा भाऊ घड्याळाकडे बघतो गं, बाकीचे आकाशाकडे बघतात."

कोंबडीचा प्रसंग त्याच्या दोन वर्षं आधीचा. विला एका बेटावर उतरली, सूप प्यायला बसली, फोन करायची विसरली, आणि तू बरोबर एकतिसाव्या मिनिटाला कळवलंस. हेलिकॉप्टर आलं, जीवरक्षक नाव निघाली, विलाच्या हातातला चमचा तसाच राहिला. चूक विलाची, पण वार्षिक जेवणात क्लबाचं थट्टेचं बक्षीस, ती रबरी कोंबडी, तुझ्या गळ्यात पडली. अंडं घालण्याआधी आरडाओरडा करणाऱ्यासाठीची. डूगलनेच घातली, भाषणही त्यानेच केलं, आणि मी टेबल बडवून हसले. वर्षभर ती तुझ्या दिवाणखान्यात टांगून ठेवावी लागली. तुला ते लागलं होतं हे मला कळायला हवं होतं. तेवढा दोष मी पदरात घेते, पुढचा एक कणही घेणार नाही.

त्या मार्चमध्ये इंजिनात बर्फ धरला आणि आखनारच्या अलीकडे दहा मैलांवर डूगलला माळावर उतरावं लागलं. उतरवलं त्याने नीट, असं चौकशीवाल्यांनीही लिहिलं आहे. शेवटी चाक पीटच्या दलदलीतल्या खड्ड्यात गेलं. मांडीचं हाड मोडलं, संकटाचा इशारा देणारा डबा फुटला, आणि त्या दरीत फोन लागत नाही. त्याने पंखावरचं कापड ओढून अंगाभोवती घेतलं आणि मांडीवरच्या वहीत वेळा टिपायला लागला, सवयीने, हवेत असल्यासारखा. ती वही मी तुला कधी दाखवली नाही. त्यात लिहिलं आहे: २:२५ खाली. ३:१० इनिस आता फोन करेल. ३:४५ निघाले असतील. ४:३० अजून काही नाही. ५:२० मी इनिसला वेळ चुकीची तर सांगितली नाही ना? त्याच्या पुढचं अक्षर लागत नाही.

डॉक्टर म्हणाले की तो सात-साडेसातपर्यंत होता. हेलिकॉप्टरला तिथे पोचायला पस्तीस मिनिटं लागतात. आणि आठ वाजून दहा मिनिटांनी तू फोन केलास, तोही मला. "मॉर्वेन, डूगल पोचला का गं? तुला काही बोलला का?" तो आवाज मी अजून ऐकते. मी मोजे काढत होते, एक पायात होता. शोध सुरू करायला मी सांगितलं, इनिस. तू नाहीच सांगितलंस.

चौकशीत तू म्हणालास की डूगलने नेमकी वेळ दिलीच नव्हती, संध्याकाळपर्यंत पोचेन, घाई नाही, असं फोनवर सांगितलं होतं. चौकशीवाल्यांनी त्याच्या वहीतली ती पाच-वीसची ओळ पाहिली आणि तुझं म्हणणं त्यांना पटलं. मलाही पटलं. अहवालात छापून आलं की वैमानिकाने पोचण्याची वेळ कुणालाही स्पष्ट दिलेली दिसत नाही. क्लबाने नवा नियम केला आणि चिटणीस म्हणून तू तो सुबक अक्षरात लिहून, प्लास्टिकमध्ये घालून, दाराजवळ लावलास: 'वेळ लिहून द्या. डूगलला आठवा.' परवा एका नव्या मुलीला विला तो कागद दाखवत होती. ती मुलगी मला म्हणाली, "बिचारे, जरा वेंधळेच होते ना?" मी हो म्हणाले.

हो म्हणाले मी. कारण चार वर्षं मीसुद्धा त्याच्यावर चिडून होते. त्याच्या खुर्चीशी भांडले. एवढा काटेकोर माणूस, स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर तारखा घालणारा, आणि जी एक वेळ सांगायची तीच सांगितली नाहीस? स्मृतिदिनाला कबरीवर गेले नाही दोनदा. तू गेलास, फुलं घेऊन. फेनेलावहिनी म्हणाली, इनिसला किती लागलंय बघ. मला तुझी दया आली होती.

आता फेब्रुवारीतली गोष्ट. फेनेलाने तुझे जुने कपडे आमच्या धर्मादाय दुकानात दिले. गुरुवारी दुकान मी सांभाळते हे तिच्या लक्षात नसेल, किंवा असेलही, मी विचारलं नाही. कपडे आले की खिसे तपासायचे हा आमचा पहिला नियम, कारण लोक कवळ्यासुद्धा विसरतात. तुझा तो हिरवा जाड कोट, बर्फावरच्या कर्लिंगचे सामने बघायला जाताना घालायचास तो. आतल्या खिशात त्या मोसमाच्या अंतिम सामन्याचं तिकीट होतं. त्याच दिवसाचं, दुपारी साडेतीनचं. आणि त्याला चिकटून, चार घड्या घातलेला, डूगलच्या वहीचा पिवळा कागद.

तीन ओळी आहेत. 'आखनार. पोहोच २:४०.' ही पहिली. 'तीन-दहापर्यंत फोन आला नाही तर कळव.' ही दुसरी. तिसरी तुला आठवत असेल, ती मी शेवटी लिहिते.

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. मी कोट हँगरला लावला, त्यावर सहा पौंडाची चिठ्ठी डकवली, मागे गेले आणि नळ सोडून उभी राहिले. वाईट इतकंच वाटत नव्हतं की तू फोन केला नाहीस. पुन्हा गळ्यात कोंबडी नको म्हणून माणूस एकदा कच खाऊ शकतो, सामन्याला उशीर होतो म्हणूनही खाऊ शकतो, आणि त्या अपराधासाठी मी तुला कदाचित रडत रडत माफ केलं असतं. पण तू मेलेल्या माणसावर ढकललंस. तो थंडीत पडून स्वतःलाच दोष देत गेला, आणि तू तोच दोष त्याच्या नावाने भिंतीवर टांगलास. माझा नवरा एकदा त्या माळावर गेला आणि एकदा तुझ्या जबानीत.

मार्चच्या सभेत मी उभी राहिले आणि म्हणाले की डूगलची सहल आपण पुरी करू या, आणि जमिनीवरचा जबाबदार माणूस इनिसच हवा, दुसरा कुणी नको. आठवतं? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विलाचे डोळे भरून आले. तू खाली बघत होतास. मग घसा साफ करून म्हणालास, "मॉर्वेनची इच्छा असेल तर." आहे इच्छा. एवढी तीव्र इच्छा मला उभ्या आयुष्यात कशाचीच झाली नव्हती.

वेळांचं पत्रक तुझ्याकडे आहेच. बाकीची चार विमानं उतरल्या उतरल्या तुला फोन करतील. भली माणसं आहेत, त्यांना यातलं काही माहीत नाही. माझा फोन मात्र दर वेळी एकोणतिसाव्या मिनिटाला येईल. नियमाच्या आत, एक मिनिट राखून. त्या अर्ध्या तासात तू टेबलाशी बसशील, घड्याळाकडे बघशील, आणि ठरवशील की कळवावं की थांबावं. लवकर कळवलंस तर हसं होईल. उशिरा कळवलंस तर काय होतं ते तुला माहीत आहे. माघार घ्यायची असेल तर विलाला फोन करून कारण सांग, खरं कारण. तेवढं धाडस असतं तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. आठ वेळा बस असा. आठव्या वेळेपर्यंत तुला थोडंफार कळेल की त्या माळावरून तीन-दहा कसे दिसतात.

माणूस नसलेली नववी, शेवटची उतरण आखनारची, मंगळवार, तेवीस तारीख. वेळ मुद्दाम तीच ठेवली आहे, दोन-चाळीस. आम्ही अकरा जण जेसीबाईंच्या स्वयंपाकघरात सूप पीत बसलेले असू, आणि तीन वाजून नऊ मिनिटांनी मी तुला फोन लावीन. फोन टेबलाच्या मधोमध असेल, सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केलेला. पत्राबरोबर त्या पिवळ्या कागदाची प्रत जोडली आहे. अस्सल माझ्या खिशात आहे, आणि एक प्रत चौकशीवाल्यांच्या पत्त्यावर पाकिटात घालून तयार आहे. तू तो कागद सगळ्यांसमोर वाचायचास, आणि तो त्या दिवशी कुणाच्या खिशात होता ते सांगायचंस. फोन उचलला नाहीस तर मी वाचेन, पण मग पुढचंही मीच बोलेन. परत येऊ तेव्हा दाराजवळचा तो कागद तुझ्या हाताने काढलेला असावा. आणि वाचताना तिसरी ओळ गिळू नकोस. डूगलने ती खास तुझ्यासाठी लिहिली होती, त्याला तुझं दुखणं माझ्या आधी कळलं होतं: 'निर्धास्त कळव रे, उगाच आरडाओरडा ठरला तर या खेपेस कोंबडी मी माझ्या गळ्यात घालून घेईन.'

तुझीच, अजून तरी,
मॉर्वेन