दोर धरणारा

१२ फेब्रुवारी
विहिरीचं पाणी मोजलं. पावणेचार परस. गेल्या वर्षी याच सुमारास चार होतं.
सु.ला, बायकोला, जाऊन तीन महिने झाले. मुलगी वैशाली पुण्याहून फोनवर म्हणाली, बाबा, काहीतरी लिहीत जा. काय लिहू? शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं नोंदी ठेवल्या, तेवढंच येतं. ही वही पाण्याच्या नोंदींची आहे. हिच्यातच लिहितो.
सकाळी सु.ची मोटारसायकल चालू झाल्याचा आवाज आला. बाहेर गेलो. पुतण्या प्रकाश होता. बॅटरी उतरते म्हणून अधूनमधून चालू करतो म्हणाला. बरं म्हणालो. आत आलो.

१६ फेब्रुवारी
प्रकाश संध्याकाळी बसायला आला. सुप्याला कारखान्यात पाळ्या करून, वर शेती. विहीर आमची दोघांची सामाईक, म्हणून विचारायला आला होता. विहिरीवर लोखंडी जाळी टाकायची म्हणतो. पूर्ण. मोटरच्या पाइपापुरती फट फक्त.
म्हणाला, "नाना, काकी होती तवर गोष्ट येगळी होती. आता पोरं वाकून बघत्यात. एखादं आत गेलं तर काढनार कोन?"
बिबट्याचीही आठवण काढली. चार वर्षांपूर्वी विहिरीत पडला होता. वनखात्याची माणसं यायच्या आत सु.ने चार दोर बांधून बाज खाली सोडायला लावली. त्यातला एक दोर माझ्याकडे. बिबट्या बाजेवर चढून बसला आणि ही काठावरून त्याच्याशी बोलत राहिली. बस निवांत, येतील आता. प्रकाश म्हणतो, आता पडला तर कोण बोलणार त्याच्याशी.
त्याचं चूक नाही. मी "बघू" म्हणालो.
घरात बोलायचं काम तिचं होतं. माझ्याकडे "बघू" एवढंच.

२६ फेब्रुवारी
शिवरात्र. उपास केला नाही. साबुदाणा भिजवायचं लक्षात राहिलं नाही, आणि मग भाकरीच खाल्ली.
आज उगाच लग्नानंतरचे दिवस आठवत होते. ती कोपरगावची, गोदावरीत वाढलेली. आमच्याकडे पारनेरच्या माळावर आली तेव्हा पहिलं काय विचारलं, तर विहीर किती खोल. चौथ्या दिवशी पाणी शेंदायला गेली. उन्हाळा, पाणी दीड परस. पदर खोचला आणि पायरीवरून उडी टाकली. बायका ओरडल्या. आई धावत गेली, पोरगी जीव द्यायला गेली म्हणून. ती वर आली ती हातात कळशी घेऊन.
"आत्याबाई, ही तळाला व्हती. तुमचीच का?"
आईचीच होती. दोन वर्षांपूर्वी दोर तुटून पडलेली. आई कळशी घेऊन घरात गेली. मी कुठे होतो? काठावर.
ती कळशी अजून आहे. चिंचेने घासायला हवी.

१० मार्च
पाणी सव्वातीन.
जाळी बसली तर मे महिन्याचं काय, हेच डोक्यात.
सु. म्हणायची, पोरं मजेला विहिरीत जातात आणि शिकतात, पोरी धुणं धुताना पाय घसरून जातात आणि बुडतात. हे उलटं आहे. म्हणून दर मे महिन्यात पोरींना घ्यायची. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर, दोराचं टोक माझ्या हातात. आधी मोठा डबा. मग पाच लिटरचा. मग पाण्याच्या दोन बाटल्या. मग काहीच नाही. तिचा डबा सुटला, असं म्हणायचं. डबा सुटला की सगळ्यांना गूळ-शेंगदाणे.
पोरी पाण्यात उतरण्याआधी पहिलं काम फ्यूजचं. मोटर पाण्यातली आणि आपोआप चालू होणारी, लाईटचा भरवसा नाही. तिन्ही फ्यूज माझ्या शर्टाच्या खिशात टाकायची. "हे तुमच्याकडं." मग मी काठावरच्या दगडावर बसायचं. दोर धरून.
मला पोहता येत नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे. दर वर्षी पहिल्या दिवशी ती पाण्यातून वर बघून विचारायची, "औंदा?" मी म्हणायचो, बघू.

१७ मार्च
मागची खोली झाडली. डबे निघाले. प्रत्येकावर पोरीचं नाव, ऑइलपेंटने. एकावर आर्या. प्रकाशची मुलगी, चौथीत आहे. गेल्या मे महिन्यात फार मागे लागली होती, तेव्हा सु.ने डब्यावर नाव घालून दिलं आणि म्हणाली, पुढच्या वर्षी तू. डबा कोरा आहे, पाणी लागलेलं नाही.
सगळ्यांच्या मागे वीस लिटरचा निळा कॅन. नाव नाही. एवढा मोठा कशाला लागतो? त्याला बांधलेली दोरी मोजली. आर्याच्या कमरेला लागेल त्याच्या दुप्पटीहून जास्त. काचू नये म्हणून दोरीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून शिवलेली.
कॅनवर धूळ बरीच होती. म्हणजे बऱ्याच वर्षांपूर्वी केला असणार.
पुसून परत ठेवला.

३१ मार्च
काल पाडवा. आमच्याकडे यंदा गुढी नाही.
आज सुप्याहून जाळीवाला माप घ्यायला आला. विहिरीच्या तोंडाचं माप एकट्याला घेता येईना. मी फितीचं टोक धरलं. धरायला मी असतोच.

९ एप्रिल
पाणी पावणेतीन.
आर्या भाकरी घेऊन आली. प्रकाशची बायको रेखा दोन वेळचं पाठवते, नको म्हटलं तरी. आर्याने विचारलं, "नाना, काकी खरंच कळसूबाईवर गेल्ती?"
गेली होती. छप्पन्नाव्या वर्षी, शाळेच्या पोरींबरोबर. मी खाली बारी गावात चहाच्या टपरीवर, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत. चार वाजता उतरली. गुडघे भरलेले, तोंड लाल. म्हणाली, "वरून तुम्हाला हात केला. दिसला का?" तिथून काय दिसणार. ढग होते. मी म्हणालो, दिसला.
तिने माझ्याकडे बघितलं आणि चप्पल काढून पाय चोळत बसली. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.
आर्याला एवढं सगळं सांगितलं नाही. गेली होती, म्हणालो.

३० एप्रिल
आखिती, अक्षय्य तृतीया. सु.ची पहिली आखिती, म्हणून तिच्या नावाने पाण्याची केळी भरायची. कुंभाराकडून मातीची नवी केळी आणली. रेखाने पुरणपोळी, आमरस, सगळं केलं. पाणी जारचं ओतायला निघाली. मी म्हणालो, नको, विहिरीचं आणतो.
रेखा बघत राहिली. मी मध्ये काही बोलतो याची तिला सवय नाही.
विहिरीच्या पायऱ्या उतरलो. शेवटच्या कोरड्या पायरीपर्यंत. पुढची पाण्याखाली आहे, दिसते, हिरवी. तिच्यावर पाय ठेवला नाही. बसून, वाकून, हात लांब करून केळी भरली. वर आलो तर आर्या उभी.
"नाना, सोमवारी मी येऊ का? सुट्टी लागतीय."
मी म्हणालो, ये.
बघू म्हणायचं होतं खरं तर.

३ मे
जाळी पुढच्या रविवारी येणार. मधले दिवस आर्याला पाण्यात उतरू द्यावं म्हणून मी प्रकाशकडे गेलो. स्वतः. वाटेत दोनदा वाक्य जुळवलं.
कोमलला विचारून ठेवलं होतं. सु.ने डबा सोडलेल्या पोरींतली सगळ्यात तयार. आता नर्सिंगला नगरला जाणार आहे, जूनमध्ये. पाण्यात ती राहील, दोर मी धरीन.
प्रकाशने ऐकून घेतलं. मग रेखाला म्हणाला, "जाऊ दे चार दिवस. इतक्या वर्षांत नानांच्या हातनं दोर सुटला न्हाई कधी."
घरी येऊन दोर उन्हात टाकला. सगळा हाताखालून घातला. कुठे झिजलेला नाही.

५ मे, सोमवार
दुपार. अक्षर नीट येत नाही.
सकाळी सातला सुरुवात केली. आर्याच्या पाठीला डबा बांधला. गाठ तीनदा बघितली. कमरेला दोर. कोमल आधी उतरली. आर्या शेवटच्या पायरीवर रडली, मग उतरली, मग हसायला लागली. चांगले पाय मारत होती. मला वाटलं, सु. असती तर
साडेसातला लाईट आली. नऊची वेळ असते. मोटर आपोआप चालू झाली. पाण्यातून घरघर वर आली आणि आर्या मोटरच्या वायरीपासून दोन हातांवर. कोमल ओरडली, "नाना, मोटर!" मी दोर ओढला. दोन्ही हातांनी ओढत राहिलो. कोमलने मागून ढकललं. आर्या पायरीला लागली, गुडघा फुटला. प्रकाश गोठ्यातून धावत आला आणि मेन स्विच पाडला.
कुणाला काही झालं नाही. गुडघा फक्त.
प्रकाशने फ्यूजच्या पेटीपाशी उभं राहून विचारलं, "नाना, फ्यूज?"
मी खिशात हात घातला. चष्म्याचं घर निघालं.
इतकी वर्षं फ्यूज माझ्या खिशात असायचे. काढायची ती. मी एकदाही काढलेले नाहीत. आज शर्ट घातला, खिसा होता, दगडावर बसलो, दोर धरला. सगळं रोजच्यासारखं वाटलं. खिसा हलका आहे हे कळायला हवं होतं.
आर्या माझ्याकडे बघत होती. रागाने नाही.

६ मे
पाणी मोजलं नाही.
भाकरी घेऊन आज रेखाच आली. ठेवली, गेली.

७ मे
प्रकाश पाळीवरून थेट आला. उभाच होता, मग बसला. म्हणाला, "तुमाला बोल लावत न्हाई मी. दोर तुमी सोडला न्हाई, पोरगी वर आली. पन दोरानं काय हुतंय नाना? काकी पान्यात असायची. काही झालं तर उडी टाकनारं मानूस होतं. तुमी उडी टाकनार का?"
मी त्याला पाण्याचा तांब्या दिला.
पाणी पिऊन म्हणाला, आर्या जेवत नाही, काकीने यंदा तू म्हणून सांगितलं होतं, म्हणते. मग म्हणाला, जाळीला दार ठेवता येईल. कुलूप लावायचं. "पन किल्ली ज्याला पोहता येतं त्याच्याकडं. कोमल चालली. मंग कोन?"
मी विचारलं, माणूस किती दिवसांत शिकतो.
"कोन मानूस?"
"मी."
तो माझ्याकडे बघत राहिला. "वय काय तुमचं?"
"चौसष्ट."
"काकी बोलवून बोलवून थकली, तवा न्हाई उतरला."
"हो," म्हणालो.
उठताना म्हणाला, जाळीवाल्याला रविवारपर्यंत काय ते सांगावं लागेल. दार करायचं तर आधी करावं लागतं, नंतर कापता येत नाही.

८ मे
पाणी अडीच परस. आतापर्यंत फक्त आकडा होता. आज मोजताना कळलं, परस म्हणजे माणूस. हात वर करून उभा राहिलेला एक, त्याच्यावर दुसरा, आणि वर अर्धा. मी पहिला.
कोमलकडे गेलो. ती हसली नाही. "नाना, आधी पायरीला धरून नुसतं बसायचं. कान पान्यात घालायचे. काकी आमाला तेच करायला लावायची पहिल्या दिवशी. तुमी वरनं बघितलंय की सगळं." बघितलंय.
दोर कोण धरणार, विचारलं. ती म्हणाली, माझे वडील येतील, आणि आर्या म्हणतीय तिला धरायचाय. मी म्हणालो, तिला नको. मग म्हणालो, वडिलांच्या मागे टोक धरू दे.
वैशालीला फोन केला नाही. नंतर सांगेन.

९ मे
रात्री झोप बरी लागली. का ते माहीत नाही.
निळा कॅन काढला. पाठीला लावून कमरेला दोरी बांधून बघितली. बरोबर पुरली. गाठ पोटावर येते, तिने तशीच ठेवली होती. बसल्यावर पट्टी काचत नाही.
चुलतभावाची जुनी हाफ पँट मागून आणली. आरशात बघितलं नाही.
भीती आहे. ती लिहून ठेवतो. त्या हिरव्या पायरीची जास्त आहे, पाण्याची त्याच्या नंतर.
सव्वासहाला पेटीशी जाऊन आलो. मेन स्विच पाडला आणि फ्यूज काढले. तिन्ही. चिमटा काढल्यासारखे निघतात, थोडा जोर लागतो, हे मला माहीतच नव्हतं. आज अंगात शर्ट नाही, खिसा नाही. वहीशेजारी ठेवलेत.
प्रकाशने अजून जाळीवाल्याला फोन केलेला नाही. तोही येतो म्हणाला बघायला.
कोमल दारात आली. आर्या मागे, तिच्या हातात दोर आहे. हाक मारतायत. फ्यूज आर्याच्या हातात देऊन जातो.