तीनच्या आकड्याची फट

५ जानेवारी
नोकरीचा पहिला दिवस झकास! तिसऱ्या मजल्यावर अक्षरं घडवायचं ऑफिस, खिडकीपाशी माझं टेबल. मुख्य कलाकारांना सगळे कंपासबुवा म्हणतात. खिशात कायम कंपास. त्यांचा नवा फॉन्ट म्हणजे नुसती वर्तुळं आणि सरळ रेघा. जाड-बारीक नाही, शेपट्या नाहीत, अंतराळयानावर शोभेल असा. विजेच्या गाड्या, सिनेमाची पोस्टरं, औषधांची लेबलं, सगळीकडे जाणार. आकडे माझ्याकडे दिलेत. आत्याकडे राहतोय. इथे तरी टिक बाबा, म्हणाली.

१५ जानेवारी
माझा 3 बुवांना फार आवडला. दोन्ही वर्तुळं जवळजवळ पूर्ण, डावीकडे केसाएवढी फट. बारीक आकारात छापून बघितलंस ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो आणि चाचणीच्या कागदावर सही ठोकली. बघितलं नव्हतं. पडद्यावर भला मोठा करून स्वतःवरच खूश होतो.

२ एप्रिल
आत्याच्या हृदयावरच्या औषधी थेंबांची नवी बाटली आली. लेबलावर माझे आकडे! तिने चष्मा लावून विचारलं, थेंब एकदम इतके वाढवले की काय रे? मी घाईत होतो. लिहिलंय तेवढे घे, म्हणालो.

४ एप्रिल
आत्या गेली. वय झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी भिंगातून लेबल पाहिलं. शाईने फट बुजलीय. तिनाचे आठ. बाटली खणात लपवली. कुणाला बोललो नाही. लाज वाटते स्वतःची.

९ एप्रिल
लिफ्टमध्ये आमच्या मजल्याच्या बटणावर 8. इमारत पाच मजल्यांची. बुवांच्या दारापर्यंत गेलो, जीभ रेटेना. आणखी किती घरांत त्या बाटल्या—

१३ एप्रिल
कॅलेंडरवर 18 दोनदा. घड्याळात दोन आठ. बाटली टेबलावर आलीय. मी काढली नाही—

१४ एप्रिल
ओठांच्या डाव्या कोपऱ्यात कातडी जुळतेय. चहा उजवीकडून प्यालो. थोडीच फट उरली—

१५ एप्रिल
तोंड उघडत नाही. लिहूनच देतो. बुवा, बाटल्या परत मागवा. चाचणी मी केलीच नव्हती. आत्या माझ्यामुळे गेली. लोकांना सांगा, थेंब फक्त 8— नाही. 8 नाही! थेंब फक्त 8— हात ऐकत नाही. अक्षरांत लिहितो. फक्त आठ— नाही, आ—